पिवळे निशाण

गोमंतकीय माणसाला होडीचे अप्रूप वाटण्याचे कारण नाही. मांडवी-जुवारीच्या काठी आपण वाढलो. दिवाडी बेटावर बांधलेल्या ‘म्हादेई’ नौकेतून कमांडर दिलीप दोंदे यांनी २००९-१० मध्ये एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली, तेव्हा आपला ऊर अभिमानाने भरून आला. तरीही लहानशा शिडाच्या नौकेतून एका देशातून दुसऱ्या देशात जायचे तर काय काय करावे लागते, याची कल्पना आपल्यापैकी थोड्यांनाच असेल. २०२४ च्या जूनमध्ये तो योग मला आला. वैद्यकीय महाविद्यालयातील माझा एक वर्गमित्र गेली तीस वर्षे इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर राहतो. त्याच्या दहा मीटर लांबीच्या नौकेतून आम्ही फ्रान्समधील शेरबुर्ग बंदर गाठले.

वाइट बेटाच्या पश्चिम टोकापासून शेरबुर्ग सुमारे साठ सागरी मैल. ताशी पाच मैल वेग धरला तर बारा तास. या बारा तासांत एक गंमत आहे. इंग्लिश खाडीतील प्रवाह साधारण सहा तास पूर्वेकडे आणि सहा तास पश्चिमेकडे वाहतो. त्यामुळे नौका आधी एका बाजूस ढकलली जाते, मग दुसऱ्या, आणि दोन्ही ढकलण्यांची वजाबाकी होऊन ती जवळपास इष्ट स्थळी पोहोचते. दर तासाला प्रवाहाशी झगडत दिशा बदलत बसण्याचे कारण नसते. भरती-ओहोटीचे कोष्टक पाहून एकदाच हिशेब करायचा आणि सुकाणू त्या दिशेवर स्थिर ठेवायचे. मध्यावर मात्र डोळ्यांत तेल घालावे लागते. इंग्लंडच्या बाजूने पश्चिमेकडे आणि फ्रान्सच्या बाजूने पूर्वेकडे जाणाऱ्या अजस्र मालवाहू जहाजांची तिथे अखंड रांग असते.

समुद्राचा हिशेब सोपा म्हणावा, इतका कागदांचा किचकट! नौकेची नोंदणी, विमा, कर भरल्याचा पुरावा, रेडिओचा परवाना, नौका चालविणाऱ्याचे प्रमाणपत्र. ब्रिटन सोडण्यापूर्वी किमान दोन तास आणि फार तर चोवीस तास आधी, नौकेत कोण कोण आहे याची माहिती तेथील सीमादलाला कळवावी लागते. युरोपीय संघातून ब्रिटन बाहेर पडल्यापासून ब्रिटिश पारपत्रधारकालाही कोणत्याही १८० दिवसांत तेथे ९० दिवसच राहता येते. माझ्या भारतीय पारपत्राला तर शेंगेन व्हिसाच हवा. उतरायचे होते तेही जेथे तेव्हा पारपत्रावर शिक्का मिळत असे अशाच बंदरात.

शिदोरीचीही झडती होते. ब्रिटनमधून युरोपीय संघात मांस व दुग्धजन्य पदार्थ नेण्यास मनाई आहे. मित्रपत्नीने प्रेमाने दिलेले तूप आणि पेढे त्यामुळे किनाऱ्यावरच राहिले. अपवाद आहे तो बाळाच्या दूधपावडरीचा : शीतपेटी न लागणारी, बंद डब्यातील, दोन किलोपर्यंत चालते. २०२५ च्या एप्रिलमध्ये लाळ्या-खुरकूत रोगाच्या धास्तीने ब्रिटननेही युरोपातून येणाऱ्या अशा पदार्थांवर बंदी घातली, पण बाळाच्या दुधाला तिथेही वाट ठेवली. कायदा करणाऱ्यांना बाळाची आठवण राहिली, याचे बालरोगतज्ज्ञ म्हणून मला समाधान वाटले.

बाळाचा प्रश्न आमच्याही पुढे होताच. मित्राची लेक आपल्या चौदा महिन्यांच्या मुलासह येऊ पाहत होती. नातवाला पहिली समुद्रसफर आपण घडवावी ही आजोबांची हौस. आणि निर्णय माझ्यावर सोपविलेला! मी नको म्हटले. जूनमध्येही तेथील पाणी चौदा अंशांच्या आसपास असते. वजनाच्या मानाने त्वचेचे क्षेत्रफळ अधिक असल्याने बाळाचे शरीर आपल्यापेक्षा फार लवकर गारठते. इतक्या लहान मुलाला तरंगजाकीट पाण्यात उताणे ठेवीलच, अशी खात्री देता येत नाही. उलट्या लागल्या तर दोन वर्षांखालील मुलाला प्रोमेथाझिन देऊ नये, कारण श्वसन मंदावण्याचा धोका. आणि बारा तास वाटेत कुठे थांबायची सोय नाही.

‘‘अरे, तू डॉक्टर आहेस की कस्टमचा शिपाई?’’ मित्र चिडून म्हणाला. पण मायलेक मोठ्या फेरीबोटीने आली.

फ्रान्सच्या सागरी हद्दीत शिरताच मित्राने शिडाच्या दोरीवर एक चौकोनी पिवळे निशाण चढविले. आंतरराष्ट्रीय संकेतांत या निशाणाचा अर्थ ‘माझी नौका निरोगी आहे, प्रवेशाची अनुज्ञा मिळावी’ असा आहे. एके काळी पिवळा रंग समुद्रावर रोगाचा सूचक होता. १३७७ मध्ये रागुसाने, म्हणजे आजच्या दुब्रोव्हनिकने, साथीच्या प्रदेशातून येणाऱ्यांना तीस दिवस वेगळे ठेवण्याचा नियम केला. पुढे त्याचे चाळीस दिवस झाले आणि इटालियन भाषेतील ‘चाळीस’वरूनच ‘क्वारंटाइन’ शब्द आला. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग उद्भवला, तेव्हा युरोपातील राष्ट्रे इतकी हादरली की पुढच्याच वर्षी व्हेनिसला त्यासाठी आंतरराष्ट्रीय परिषद भरली. सीमेवरची तपासणी जकातीइतकीच आरोग्याच्या काळजीतूनही वाढली आहे, हे आपण वैद्यकांनी विसरू नये.

शेरबुर्गला पारपत्रांवर शिक्के बसले, निशाण उतरले. धक्क्यावर नातू आजोबांकडे झेपावला आणि मित्राचा रागही उतरला.

याच खाडीत, पूर्वेला डोव्हरच्या बाजूस, २४ नोव्हेंबर २०२१ रोजी निर्वासितांची एक रबरी होडी बुडाली. निदान सत्तावीस माणसे गेली. त्यांत सात वर्षांची एक मुलगी होती. त्यांच्यापाशी ना कोष्टक, ना परवाना, ना निशाण. आमच्या बाळासाठी पर्याय होता, म्हणून मला ‘नको’ म्हणता आले. हिवाळ्याच्या तोंडावर लेकराला तशा होडीत बसविणाऱ्या आईबापांपुढे कोणता पर्याय उरला असेल? सीमा असाव्यात, नियमही असावेत. पण जो नियम बाळाच्या दुधाला वाट ठेवतो, त्याने बाळालाही सुरक्षित वाट ठेवावी, एवढी अपेक्षा बालकांच्या डॉक्टराने केली तर ती अवाजवी ठरू नये.