हिरकणी आणि जुनी काच

डब्लिनच्या मेरियन स्क्वेअरला गेलात तर तिथल्या उंच खिडक्यांकडे जरा तिरकं बघा. काही तावदानांमध्ये समोरच्या झाडांचं प्रतिबिंब पाण्यात दिसावं तसं हलतं. तावदान म्हणजे खिडकीतली एकेक काच. ही हलणारी तावदानं जुनी आहेत. तेव्हा कारागीर वितळलेली काच नळीने फुंकत. मग ती गरगर फिरवून तिची थाळी करत, किंवा लांब नळकांडं करून ते चिरत आणि सपाट करत. त्यामुळे ती कुठे जाड, कुठे पातळ.

काच हळूहळू खाली ओघळते म्हणून लाटा दिसतात, असं बरेच जण सांगतात. ते खरं नाही. लाटा पहिल्या दिवसापासूनच असतात! १९५९ साली पिल्किंग्टन कंपनीने वितळलेल्या कथलावर काच तरंगवायची पद्धत जाहीर केली, आणि पुढे खिडकीची काच एकदम सपाट झाली. हाताने केलेली काच आता थोड्याच ठिकाणी बनते आणि महाग पडते. तरीही घराच्या खिडक्या बदलताना जुन्या काचा सर्रास कचऱ्यात जातात. खरं तर त्यांतली एक काच वाचवली, तर दुसऱ्या जुन्या खिडकीचं फुटलेलं तावदान भरता येतं. फक्त ती मापात कापावी लागते.

काच कापायच्या हत्याराला मराठीत ‘हिरकणी’ म्हणतात, कारण त्याच्या टोकाला हिऱ्याचा बारीक कण असायचा. आज बहुतेक हत्यारांना कठीण धातूचं छोटं चाक असतं. गंमत म्हणजे हिरकणी काच कापतच नाही, ती फक्त ओरखडा काढते. आजी चिक्की गरम असतानाच सुरीने रेघा मारते ना? मग चिक्की त्याच रेघांवर मोडते. काचेचंही तसंच. ओरखड्याखाली बारीक चीर पडते, आणि काच वाकवली की ती चीर पुढे धावते.

जुनी काच बऱ्याचदा २ मिलिमीटरच्या आसपासच असते आणि तिच्यावर आधीचे ओरखडे असतात. चीर वाट चुकून त्या ओरखड्यांकडे वळू शकते. म्हणून आधी काच स्वच्छ धुवायची. कडेला चिकटलेली जुनी लांबी, म्हणजे काच बसवायचा मसाला, सावकाश काढायची. जुन्या रंगात शिसं असू शकतं, त्यामुळे तो कोरडा घासायचा नाही. मग काच सपाट टेबलावर जाड कापडावर ठेवायची, गुळगुळीत बाजू वर. चाकाला थोडं तेल लावायचं, पट्टी धरायची आणि एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत एकच रेघ ओढायची. ‘चर्र’ असा एकसारखा बारीक आवाज आला, की जमलं! पांढरा भुगा उडाला तर जोर जास्त झाला. त्याच रेघेवरून परत फिरवायचं नाही. त्याने चीर बिघडते आणि चाकही बोथट होतं. लगेच रेघेच्या दोन्ही बाजूंना धरून काच खाली वाकवायची. पट्टी अरुंद असेल तर पक्कड वापरायची.

चष्मा आणि जाड हातमोजे हवेतच, आणि सोबत मोठं माणूस हवं. पहिला हात साध्या काचेच्या तुकड्यांवर बसवा. गाडीच्या बाजूच्या खिडकीची किंवा शॉवरच्या दाराची कडक केलेली काच मात्र कापता येतच नाही, तिचा क्षणात चुरा होतो.

उरलेले तुकडे बाटल्यांच्या बँकेत टाकू नका हं. खिडकीची काच बाटलीच्या काचेपेक्षा वेगळ्या तापमानाला वितळते. तुकडे कागदात नीट गुंडाळून रीसायकलिंग सेंटरवर न्या आणि तिथल्या माणसाला विचारूनच टाका.