टेकाडापलीकडचं दिसावं म्हणून

त्र्यंबकेश्वरहून मोखाडा-जव्हारकडे जाणारा रस्ता नकाशात पाहिला की नुसती वळणं दिसतात. त्याची खरी करामत दिसते ती उभ्या छेदात. बांधकाम खात्यातली माणसं त्याला ‘एल-सेक्शन’ म्हणतात. रस्त्याच्या मध्यरेषेवर जमीन सरळ खाली कापायची आणि तो काप बाजूने पाहायचा.

सिव्हिल थ्रीडीसारख्या सॉफ्टवेअरला आधी सर्वेक्षणातले बिंदू द्यावे लागतात, प्रत्येकाची जागा आणि उंची. ते त्रिकोणांनी जोडून सॉफ्टवेअर जमीन उभी करतं. तिच्यावर मध्यरेषा आखली की चेनेजनुसार, म्हणजे रस्त्याच्या सुरुवातीपासूनच्या अंतरानुसार, जमिनीची रेषा क्षणात पडद्यावर उमटते, आणि नवखा माणूस ती पाहून दचकतो. इतके सुळके? उभं माप आडव्याच्या दहापट घेण्याची रीत आहे : आडवं १:२५००, उभं १:२५०. या हिशेबाने त्र्यंबक गावावर पाचशे मीटरहून अधिक उठलेला ब्रह्मगिरी पाच किलोमीटरहून उंच दिसेल! पण खऱ्या प्रमाणात शंभर मीटरला तीन मीटरचा चढ डोळ्याला जेमतेम जाणवतो. भरलेल्या ट्रकच्या इंजिनाला मात्र तो चांगलाच कळतो.

आता दुसरी रेषा, रस्त्याची. ती माणूस ठरवतो. डोंगराळ मुलखात इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकांनुसार चढ शक्यतो वीस मीटरला एक मीटर, त्याहून जास्त नको. रेषा जमिनीखाली गेली की कटिंग, वर आली की भराव. दहा मीटर रुंदीच्या कटिंगमध्ये दोनशे मीटरभर ती अर्धा मीटर खाली ओढली, तर खोदाई निदान हजार घनमीटरने वाढते, आणि सह्याद्रीत ही खोदाई म्हणजे काळा पाषाण फोडणं.

मला सर्वात थक्क करतो तो माथा. तीन टक्क्यांचा चढ संपून तीन टक्क्यांचा उतार सुरू होतो, तिथे दोन सरळ रेषांचा कोन होतो. त्या कोनाच्या जागी अन्वस्त, म्हणजे पॅराबोला, बसवतात. त्यावर उताराचं प्रमाण दर मीटरला सारखंच बदलतं, म्हणून अंगाला हिसका बसत नाही. पण वक्राची लांबी किती? ती ठरते नजरेवरून. चालकाचा डोळा रस्त्यापासून १.२ मीटर उंच धरतात आणि पलीकडचा अडथळा अवघा १५ सेंटीमीटर. ताशी ६० किलोमीटर वेगात दिसल्यापासून थांबेपर्यंत ८० मीटर लागतात. त्यात ब्रेककडे पाय जाण्याआधीचे अडीच सेकंदही धरलेले असतात. तेवढं दिसायला वक्र सुमारे ८७ मीटरचा हवा. वेग ८० केला की १२० मीटर दिसायला हवेत, आणि वक्र जातो १९६ मीटरवर! वेग एक तृतीयांशाने वाढला, लांबी दुपटीहून अधिक, कारण ती दृष्टीच्या अंतराच्या वर्गाप्रमाणे वाढते.

पौषात निवृत्तिनाथांच्या यात्रेला दिंड्या पायी त्र्यंबकला येतात. अशा रस्त्याच्या माथ्यापलीकडे माणसं चालत असतील. ८७ मीटरच्या वक्रात माथा त्या कोनाच्या टोकापेक्षा जेमतेम ६५ सेंटीमीटर खाली येतो. एवढ्याशा फरकात चालकाला पलीकडचं दिसण्याची सोय होते.

मग उरतं पाणी. त्र्यंबकचं पाणी गोदावरीतून बंगालच्या उपसागराकडे जातं, मोखाड्याचं अरबी समुद्राकडे. या वाटेवर कुठेतरी रस्ता तो जलविभाजक ओलांडतो. इथल्या पावसात प्रत्येक खोलगट वक्राचा तळ नेमका माहीत हवा. चार टक्के उतार आणि दोन टक्के चढ दीडशे मीटरच्या वक्राने जोडले, तर तळ मध्यावर असेल असं कुणालाही वाटेल. तो असतो शंभराव्या मीटरला, कारण तीव्र उतार सपाट व्हायला जास्त अंतर घेतो. मोरी तिथेच हवी. पंचाहत्तराव्या मीटरला बांधली, तर पावसाळाभर पाणी तिच्या पुढे पंचवीस मीटरवर रस्त्यात साचत राहील.