खाट मिळाली, सोबत हरवली

बाळंतपण कोठे होते, हा प्रश्न गेली वीस वर्षे आपल्या आरोग्यधोरणाच्या केंद्रस्थानी आहे. ते कोणाच्या सोबतीने होते, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो. २००५ साली जननी सुरक्षा योजना सुरू झाली त्या सुमारास देशातील शंभरांपैकी ३९ बाळंतपणे रुग्णालयांत होत. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत हा आकडा ८९ च्या घरात गेला. दर लाख जिवंत जन्मांमागे होणारे मातामृत्यू २००४-०६ मधील २५४ वरून २०१८-२० मध्ये ९७ वर आले. हे यश लहान नव्हे. सुईणीच्या काळाचे गोडवे गाणाऱ्यांनी ते विसरता कामा नये; अतिरक्तस्राव सुरू झाला की तिच्या हाती फारसे काही उरत नसे.

मात्र तिच्यापाशी एक गोष्ट होती. कळा सुरू झाल्यापासून बाळ-बाळंतिणीला न्हाऊ घालण्याच्या दिवसांपर्यंत माणूस तेच असे. अनेक गावांत एरवी उंबऱ्याबाहेर ठेवल्या जाणाऱ्या जातीतील ही बाई, आणि मोबदला म्हणजे थोडे धान्य व एखादे लुगडे. त्या व्यवस्थेबद्दल हळहळण्याचे कारण नाही. पण व्यवस्था मोडताना तिच्यातील सातत्यही मोडीत निघाले, हे नाकारता येत नाही.

आज गरोदरपणात नाव नोंदवून घेणारी आरोग्यसेविका वेगळी, तपासणारे डॉक्टर वेगळे, प्रसूतिकक्षातील परिचारिका वेगळी. आणि कळा लांबल्या तर पाळी बदलून तीही निघून जाते. त्यात आपल्याकडे पहिले बाळंतपण माहेरी. सातव्या-आठव्या महिन्यात मुलगी माहेरी येते, तेव्हा सासरच्या गावातील तपासण्यांचे कार्ड तिच्याबरोबर येते, ओळखीची माणसे येत नाहीत. माहेरपणाचा हेतूच मुळी आईची सोबत मिळावी हा; आणि ती आई नेमक्या वेळी प्रसूतिकक्षाच्या दाराबाहेर बाकावर बसलेली असते. आत मुलगी अनोळखी माणसांत, आणि कित्येकदा त्यांच्या खेकसण्यात.

सोबतीला भावनेचा प्रश्न समजून बाजूला सारण्याची रीत आहे. वस्तुतः पुरावा वेगळे सांगतो. ग्वातेमालातील एका रुग्णालयात केलेला प्रयोग १९८० साली प्रसिद्ध झाला. तेथे काही प्रसूत स्त्रियांजवळ एक साधी, अप्रशिक्षित, पूर्वी न भेटलेली बाई शेवटपर्यंत बसविण्यात आली. ती पाठ चोळी, हात धरी, बोलत राही. गुंतागुंत न झालेल्या प्रसूतींत दाखल झाल्यापासून जन्मापर्यंतचा काळ सरासरी ८.८ तास भरला. सोबत नसलेल्यांचा १९.३ तास. प्रयोग लहान होता, जेमतेम चाळीस मातांचा. परंतु २०१७ साली १७ देशांतील २६ चाचण्यांचा एकत्रित आढावा घेण्यात आला, त्यातील स्त्रियांची संख्या १५ हजारांहून अधिक होती. अखंड सोबतीने प्रसूतिकाळ कमी होतो आणि शस्त्रक्रियाही घटतात, असेच त्यातून निघाले. गरोदरपणापासून एकाच ओळखीच्या प्रसाविकेने किंवा तिच्या लहान गटाने सांभाळ करण्याच्या पद्धतीचे निष्कर्षही अनुकूल आहेत. अर्थात त्या चाचण्या बहुतांशी श्रीमंत देशांतील, हे लक्षात ठेवले पाहिजे.

सरकारला हे ठाऊक नाही असे नाही. २०१६ साली केंद्राने सरकारी रुग्णालयांत प्रसूतीच्या वेळी जवळची स्त्री सोबत असू देण्यास मान्यता दिली. पतीला मात्र आडोसा असेल तेथेच. २०१८ मध्ये परिचारिकांना अठरा महिन्यांचे प्रशिक्षण देऊन स्वतंत्र प्रसाविका घडविण्याचे धोरण जाहीर झाले. अडते ते पुढे. एका दालनात चार-पाच खाटा, मध्ये पडदा नाही, मग नातेवाइकांना आत कसे घ्यावे, असे परिचारिका म्हणतात. आणि त्यांचे म्हणणे खोटे नाही. कमी पडणाऱ्या मनुष्यबळात त्यांनी तरी कोणाकोणाचा हात धरावा?

खरी अडचण मोबदल्याच्या रचनेत आहे. महाराष्ट्रात जननी सुरक्षा योजनेतून ग्रामीण पात्र मातेला ७०० रुपये मिळतात ते रुग्णालयात पोहोचण्याबद्दल. खाजगी क्षेत्रात तर वाट पाहणे हाच तोटा ठरतो. बारा तास कळांजवळ बसणाऱ्याचा वेळ कोणी मोजून देत नाही, शस्त्रक्रिया मात्र ठरल्या वेळी उरकते आणि तिचे बिलही मोठे होते. देशातील खाजगी रुग्णालयांत शंभरांतील ४७ प्रसूती पोट फाडून, सरकारी रुग्णालयांत १४, या तफावतीची इतरही कारणे असतील. पण हे एक कारण निश्चित आहे.

प्रसाविकेचा व्यवसाय म्हणजे मुख्यतः जाणतेपणाने वाट पाहणे. तेव्हा तिला वेतन द्यायचे ते पाळीच्या तासांवर नव्हे, तर तिच्याकडे नोंदलेल्या स्त्रियांच्या संख्येवर, पहिल्या तपासणीपासून बाळंतपणानंतरच्या भेटींपर्यंत. न्यूझीलंडमध्ये १९९० च्या कायद्यानंतर प्रसाविकांना स्वतंत्रपणे बाळंतपण करण्याचा अधिकार मिळाला आणि पुढे अशाच स्वरूपाची व्यवस्था उभी राहिली. आपल्याकडे एखाद्या जिल्हा रुग्णालयापुरता हा प्रयोग करायला नवा कायदा लागू नये. मात्र अठरा महिने शिकून आलेल्या परिचारिकेची बदली तापाच्या वॉर्डात होणार नाही, एवढी हमी आधी लागेल. आणि खाटांमध्ये पडदे.