पाण्यात, दुधात, तोंडात : जिवाणूंना दार कोण उघडतं?



मागच्या पावसाळ्यात चौथीतला एक मुलगा साचलेल्या पाण्यातून अनवाणीच शाळेत आला. टाचेला चिरा पडून रक्त येत होतं. पाय साबणाने धुवायला सांगितले, तर म्हणाला, "बाई, पाणीच तर आहे, त्याने काय होतंय?" त्याच्या या प्रश्नाचं उत्तर म्हणजे आजचा पाठ.

जिवाणू सगळीकडे असतात आणि सगळेच वाईट नसतात. दुधाचं दही तेच लावतात. काही जिवाणू उंदराच्या मूत्रपिंडात, काही कुत्र्या-मांजराच्या लाळेत, तर काही आपल्याच दातांवर राहतात. तिथे ते बहुतेक वेळा गुपचूप असतात. पण आपल्या शरीरात शिरायला त्यांना दार मिळालं, की आजार होतो.

१) जखमेचं दार : लेप्टोस्पायरोसिस
लेप्टोस्पायरा हा जिवाणू उंदरांच्या, तसंच गुरांच्या आणि कुत्र्यांच्या लघवीतून पाण्यात, चिखलात येतो. उंदीर मात्र धडधाकट दिसतो! पायाला जखम असेल तर तो तिथून आत शिरतो. मुंबईत २६ जुलै २००५ च्या महापुरानंतर या आजाराची मोठी साथ आली होती. साधारण एक-दोन आठवड्यांत ताप येतो, डोकं दुखतं, पोटऱ्या ठणकतात, डोळे लाल होतात. दुर्लक्ष केलं तर कावीळ होते, मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. म्हणून भातलावणी करताना गमबूट घाला. ताप आला तर "मी पाण्यातून चाललो होतो" हे डॉक्टरांना आवर्जून सांगा.

२) चाव्याचं दार
मांजराचे दात बारीक असतात. जखम वरून छोटी दिसते, पण लाळेतले पाश्चुरेला नावाचे जिवाणू खोलवर जातात. काही तासांतच ती जागा सुजते, लाल होते. कुत्रं किंवा मांजर चावलं तर वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटं जखम धुवा. हळद, चुना, मिरची काही लावू नका. लगेच दवाखाना गाठा. रेबीज हा विषाणूचा आजार आहे, त्याची लस वेगळी घ्यावीच लागते.

३) कच्च्या दुधाचं दार : ब्रुसेलोसिस
माल्टा बेटावर इंग्रज सैनिकांना दीर्घकाळ चालणारा ताप यायचा. डेव्हिड ब्रुस यांनी १८८७ मध्ये त्याचा जिवाणू शोधला. पण तो येतो कुठून? १९०५ मध्ये थेमिस्टोक्लिस झामित यांना तो वरून निरोगी दिसणाऱ्या शेळ्यांमध्ये सापडला. सैनिकांचं शेळीचं कच्चं दूध बंद केलं आणि ताप झपाट्याने कमी झाला. धारोष्ण दूध पौष्टिक म्हणून पाजणाऱ्या आजी-आजोबांना ही गोष्ट नक्की सांगा. दूध उकळूनच प्या.

४) हिरड्यांचं दार
आपल्या तोंडातले काही जिवाणू गोड खाऊन आम्ल तयार करतात आणि दात किडतो. हिरड्यांतून रक्त आलं की हे तोंडातले जिवाणू रक्तात जाऊ शकतात. निरोगी माणसाचं शरीर त्यांना लगेच संपवतं. पण हृदयाची झडप खराब असेल, तर ते तिथे चिकटून गंभीर आजार होऊ शकतो. आपल्या मुलाला हृदयाचा त्रास असेल, तर दात काढण्याआधी दातांच्या डॉक्टरांना सांगायला विसरू नका. आणि दिवसातून दोनदा ब्रश कराच.

आता त्या मुलाच्या प्रश्नाचं उत्तर मिळालं ना? पाणी पाणीच असतं, पण टाचेची चीर हे दार असतं. उंदीर, कुत्रं, शेळी यांना आपण शत्रू मानायचं नाही. दार तेवढं बंद ठेवायचं.

उपक्रम : आज घरी जाऊन आपल्या हातापायांना कुठे जखम आहे का ते पाहा. असेल तर स्वच्छ धुऊन पट्टी लावा आणि उद्या वर्गात सांगा.