मोटार दस्तुरीला थांबते

‘माथेरानला जाऊन करायचं काय?’ सुट्टीचा बेत ठरताना हा प्रश्न कुणीतरी विचारतोच. महाबळेश्वरला स्ट्रॉबेरी आहे, वेण्णा तलावातली नाव आहे. पाचगणीला टेबललँड आहे. लोणावळ्यात गाडी पार कठड्यापाशी नेऊन उभी करता येते. माथेरानला यातलं काहीच नाही. जंगल, तांबडी माती, कड्यांची टोकं आणि चिक्की-चपलांचा एक बाजार, एवढाच ऐवज. सकाळी येऊन चार पॉइंट उरकायचे आणि दुपारी ‘बघून झालं’ म्हणत परतायचं, असं करणारे पुष्कळ असतात. पण माथेरानला करण्यासारखी मुख्य गोष्ट एकच आहे, आणि ती म्हणजे चालणं. बाकीचं जे काही आहे ते चालता चालता वाट्याला येतं.

दस्तुरी नाक्याला मोटार थांबते. पुढे अडीच-तीन किलोमीटरवर बाजार. तिथवर पायी जा, घोड्यावर जा, नाहीतर अमन लॉज स्टेशनवरून छोट्या आगगाडीत बसा. आजारी माणसासाठीची रुग्णवाहिका किंवा आगीचा बंब सोडला, तर खासगी मोटारीला आत मज्जाव आहे. सुमारे ८०० मीटर उंचीवरच्या या पठाराची घडण या एका नियमाने झाली. २००३ साली केंद्र सरकारने माथेरान आणि भोवतालचा परिसर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र म्हणून जाहीर केला, तेव्हा या जुन्या रिवाजाला कायद्याचं बळ मिळालं.

चौकहून वर

१८५० च्या मे महिन्यात ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट यांचा मुक्काम पायथ्याच्या चौक गावी होता. समोरचा डोंगर चढून ते वन ट्री हिलच्या बाजूने माथ्यावर आले आणि रामबागच्या वाटेने उतरले. इंग्रजी दप्तरात माथेरानचा ‘शोध’ लागला तो असा. ठाकूर, कातकरी आणि धनगर या डोंगरावर त्याआधीपासून वावरत होतेच. मॅलेट चढले त्या वाटाही त्यांच्याच पायांनी पडलेल्या होत्या. पुढे गव्हर्नर लॉर्ड एल्फिन्स्टन यांनी या जागेला आश्रय दिला. बंगले उठले, मुंबईचे पारशी, बोहरी आणि गुजराती धनिक उन्हाळ्याला येऊ लागले. पॉइंटांना साहेबांची आणि मडमांची नावं पडली: लुईझा, शार्लट, अलेक्झांडर, गार्बट. रामबाग आणि चौक ही नावं मात्र त्या गर्दीत टिकून राहिली.

गावाचा मूळ देव पिसारनाथ. शार्लट तलावाच्या काठी, दाट झाडीत त्याचं देऊळ आहे. तलाव गावाच्या पिण्याच्या पाण्यासाठी बांधलेला आहे, तेव्हा त्यात पोहायचं नाही, काठावर बसायचं. लुईझा आणि इको पॉइंट तिथून जवळच असल्यामुळे पहिल्या संध्याकाळची फेरी याच बाजूला काढावी.

दोन फुटी रूळ

नेरळहून वर येणारी गाडी ही पीरभॉय घराण्याची देणगी. सर आदमजी पीरभॉय यांनी पैसा पुरवला आणि त्यांचे पुत्र अब्दुल हुसेन यांनी १९०४ ते १९०७ या काळात मार्ग उभारला. खर्च आला सोळा लाख रुपये. त्या काळच्या मानाने ही रक्कम डोळे पांढरे करणारी होती. १९०७ च्या मार्चमध्ये गाडी सुरू झाली. रुळांमधलं अंतर फक्त दोन फूट, लांबी सुमारे २१ किलोमीटर आणि सर्वांत कठीण जागी चढ वीसास एक, म्हणजे वीस फूट पुढे गेलं की एक फूट वर.

एवढा चढ दातेरी रुळाशिवाय चढायचा, तर वळणांना पर्याय नव्हता. डोंगराच्या कडेकडेने शेकडो वळणं घेत मार्ग नेला गेला, आणि अशा अरुंद वळणांवर सरळसोट इंजिन अडकतं. म्हणून जर्मनीच्या ओरेनस्टाईन अँड कोपेल कंपनीकडून खास इंजिनं मागवली गेली. त्यांचे टोकाचे आस वळणाबरोबर किंचित सरकत. १९८० च्या दशकात वाफेची इंजिनं निवृत्त झाली आणि डिझेल आलं. जुन्या इंजिनांपैकी एक दिल्लीच्या रेल्वे संग्रहालयात आहे, तर एक थेट इंग्लंडला पोहोचलं आहे.

या गाडीचा खरा वैरी पाऊस. २००५ च्या जुलैमधल्या अतिवृष्टीने मार्ग उखडला आणि तो दुरुस्त व्हायला २००७ उजाडलं. २०१९ च्या पावसाळ्यात पुन्हा तीच गत झाली. नेरळहून गाडी परत सुटली ती २०२२ च्या ऑक्टोबरात. एरवीही पावसाळ्यात नेरळ ते अमन लॉज हा टप्पा बंद ठेवतात आणि अमन लॉज ते माथेरान एवढीच ये-जा चालू असते. नेरळहून वर यायला दोन तासांहून अधिक वेळ लागतो. टॅक्सी घाटाने अर्ध्या तासाच्या आसपास दस्तुरीला सोडते. तरी जुम्मापट्टी, वॉटरपाइप अशी स्टेशनं घेत, मार्गावरच्या एकुलत्या एका बोगद्यातून वर येणं एकदा तरी करावंच. उकाडा मागे पडून हवा गार होत जाते, ती या वेगात अंगाला टप्प्याटप्प्याने कळते.

चालावं कुठे

पॉइंटांची संख्या अडतीसच्या आसपास सांगतात. ते सगळे गाठायची पैज लावू नये. पठाराची ठेवण लक्षात घेतली की दिशा आपोआप ठरतात. उत्तरेच्या टोकाला पॅनोरमा. सूर्योदयाला तिथे पोहोचायचं तर अंधारात निघावं लागतं, पण समोर पेबचा किल्ला आणि त्यामागे चंदेरीचा सुळका उजेडात येताना दिसतो. पूर्वेला गार्बट, तिथून उल्हासचं खोरं आणि पलीकडे सह्याद्रीची मुख्य भिंत दिसते. दक्षिणेला अलेक्झांडर, रामबाग, लिटल चौक आणि वन ट्री हिल एका फेरीत होतात. पश्चिमेला पॉर्क्युपाइन, म्हणजे सगळ्यांचा सनसेट पॉइंट; सूर्य प्रबळगडाच्या बाजूला उतरतो. इर्शाळगडही याच मुलखातला. २०२३ च्या जुलैमध्ये त्याच्याच पायथ्याची इर्शाळवाडी दरडीखाली गेली. वरून हिरव्यागार दिसणाऱ्या या उतारांवर माणसं कशी राहतात, याचं भान कठड्यावर फोटो काढताना असलेलं बरं.

दोन पॉइंटांच्या मधला रस्ता हाच माथेरानचा खरा ठेवा. कोकणात उतरणारे हे डोंगर काळ्या बसाल्टचे, पण माथेरानच्या डोक्यावर जांभ्याची टोपी आहे, आणि तांबडी माती त्या जांभ्याची. त्या मातीवर जांभूळ, अंजन, पिसा अशा झाडांचं सदाहरित वळणाचं रान आहे. उन्हाळ्याच्या सुरुवातीला अंजनाच्या फांद्या निळ्या-जांभळ्या फुलांनी भरतात. डॉ. जे. वाय. स्मिथ यांनी १८७१ मध्येच माथेरानची माणसं, झाडं आणि प्राणी यांवर एक स्वतंत्र पुस्तक लिहिलं होतं, इतकं या छोट्या डोंगराने लोकांना नादाला लावलं. पावसाच्या तोंडावर पहाटे पर्वत कस्तूर शीळ घालतो. माणसाने सहज घातलेली शीळ वाटावी, अशी ती असते. मोटारीचा आवाज नसल्यामुळे ती लांबून ऐकू येते. माकडं मात्र ऐकू येण्याआधी पिशवी पळवतात. खाण्याची पिशवी हातात मिरवू नये.

बाजारात थांबावं ते केवळ चिक्कीसाठी नव्हे. विठ्ठल लक्ष्मण ऊर्फ भाई कोतवाल या गावचे. १ डिसेंबर १९१२ चा त्यांचा जन्म. नाभिक कुटुंबातला हा मुलगा वकील झाला, माथेरान नगरपालिकेचा उपाध्यक्ष झाला, सावकारीच्या फासातल्या शेतकरी-आदिवासींसाठी त्याने धान्यकोठ्या काढल्या. बेचाळीसच्या लढ्यात त्यांच्या आझाद दस्त्याने विजेचे मनोरे पाडून कारखान्यांचा पुरवठा तोडला. २ जानेवारी १९४३ ला सिद्धगडाच्या जंगलात पोलिसांच्या गोळ्यांनी ते आणि हिराजी पाटील हुतात्मा झाले. साहेबांच्या नावांचे पॉइंट पाहून झाल्यावर या नावापाशीही क्षणभर थांबायला हवं.

ओझं कुणाच्या डोक्यावर

मोटार नाही म्हणजे ओझं नाहीसं होत नाही. गॅसच्या टाक्या, सिमेंट, भाजी, पाहुण्यांच्या बॅगा हे सगळं माणसं आणि घोडेच वाहतात. पायथ्याच्या वाड्यांमधल्या बाया डोक्यावर बॅगा घेऊन चढाची वाट चालतात. ज्यांना चालवत नाही त्यांच्यासाठी हातरिक्षा होती: एकजण पुढून ओढणार, दोघे मागून ढकलणार आणि उतारावर तेच तिघे जीव मुठीत धरून ती थोपवणार. शंभरावर वर्षं माथेरानची शांतता या घामावर उभी होती.

हा प्रश्न अखेर सर्वोच्च न्यायालयात गेला. आधी काही ई-रिक्षा प्रायोगिक तत्त्वावर धावल्या. मग ६ ऑगस्ट २०२५ रोजी सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या खंडपीठाने माणसाने माणसाला ओढण्याची ही प्रथा सहा महिन्यांत थांबवा आणि हातरिक्षावाल्यांना ई-रिक्षा देऊन त्यांचं पुनर्वसन करा, असा आदेश दिला. घोडेवाल्यांच्या मनात पोटाची धास्ती आहे, आणि ती खोटी म्हणता येणार नाही. निसर्गप्रेमींना वाटतं, आज ई-रिक्षा आली तर उद्या तिच्यामागून टॅक्सी येईल. रस्त्याचाही वाद आहे: पावसात धुपणारी माती धरून ठेवायला पेव्हर ब्लॉक लागतात म्हणणारे एका बाजूला, आणि त्यावर घोडे घसरतात, पाणी मुरत नाही म्हणणारे दुसऱ्या बाजूला.

या लेखापुरता निवाडा द्यायचा तर तो असा: हातरिक्षा जायलाच हवी होती, उशीरच झाला. म्हातारी माणसं, शाळकरी मुलं, रुग्ण यांच्यासाठी मोजक्या ई-रिक्षा, आणि त्यांची चाकं त्याच हातरिक्षावाल्यांच्या हाती, ही न्यायाची वाट आहे. पण धडधाकट पाहुण्यांनी त्यांत रांग लावली, तर संख्या वाढवण्याची मागणी उद्याच होईल. दस्तुरीचा अडसर टिकेल की नाही, हे कायद्याइतकंच आपण कसे वागतो यावर ठरणार आहे.

तेव्हा जाणाऱ्यांनी एवढं करावं. शनिवार-रविवार टाळावा आणि निदान दोन रात्री राहावं. पाठीवर पेलेल इतकंच सामान न्यावं. हमाल केला तर मजुरी आधी ठरवावी आणि ठरलेल्या पैशांत घासाघीस करू नये. पावसाळ्यात कठड्यापलीकडे आणि रामबागच्या उतरणीला माहीतगार सोबतीशिवाय पाऊल टाकू नये. प्लास्टिक जसं वर नेलं तसं खाली आणावं. आणि अंगात बळ आहे तोवर दस्तुरीपासून बाजारापर्यंत पायीच जावं.