वंगणतेलाच्या तुटवड्यामुळे मोटारीचे इंजिन अकस्मात निकामी होणे : कारणे, तातडीची कृती व प्रतिबंध

प्रस्तावना :

नागपूरहून जबलपूरच्या दिशेने राष्ट्रीय महामार्गाने मनसरपर्यंत यावे आणि तेथून उजवीकडे वळून रामटेक गाठावे, हा अनेक अध्यापकांचा नित्याचा मार्ग आहे. अशा प्रवासात डॅशबोर्डवर तेलाच्या झारीचे लाल चिन्ह उजळले, तर ‘रामटेक आता जवळच आहे, पोहोचल्यावर पाहू’ हा विचार चालकाच्या मनात स्वाभाविकपणे येतो. इंजिनचा नाश बहुधा याच विचारामुळे होतो. हा दिवा नेमके काय सांगतो, तो लागल्यावर काय करावे आणि तो लागूच नये म्हणून कोणती दक्षता घ्यावी, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

वंगणाच्या थराचे कार्य :

तेलामुळे भाग गुळगुळीत राहतात व घर्षण कमी होते, एवढाच वंगणाविषयीचा सर्वसाधारण समज असतो. वस्तुस्थिती याहून सूक्ष्म आहे. १८८३ मध्ये ब्यूचँप टॉवर या ब्रिटिश अभियंत्याने रेल्वेच्या बेअरिंगवर प्रयोग करताना बेअरिंगच्या माथ्यावरील छिद्र लाकडी खुंटीने बंद केले. शाफ्ट फिरू लागताच आतील तेलाने ती खुंटी बाहेर ढकलली. फिरणारा शाफ्ट स्वतःच तेल ओढून पाचरीसारखा थर तयार करतो आणि त्या थरात निर्माण होणारा दाब संपूर्ण भार उचलून धरतो, हे यातून उघड झाले. ऑस्बर्न रेनॉल्ड्स यांनी १८८६ मध्ये या घटनेची गणिती उपपत्ती मांडली.

मोटारीच्या इंजिनातील क्रँकशाफ्ट याच तत्त्वावर तेलावर तरंगत असतो. पन्नास मिलिमीटर व्यासाचा जर्नल मिनिटाला ३,००० फेरे घेत असल्यास त्याच्या पृष्ठभागाचा वेग सेकंदाला सुमारे ८ मीटर होतो. त्याला बेअरिंगपासून विलग ठेवणारा थर मात्र अवघ्या काही मायक्रॉनचा, म्हणजे केसाच्या जाडीच्या अल्पांशाइतका असतो. तेल बेअरिंगच्या कडांमधून सतत निसटत असते व ऑइल पंप त्याची भरपाई करत असतो. भरपाई थांबताच थर तुटतो, धातूला धातू घासतो, बेअरिंगचा मऊ मुलामा वितळतो, ठोके ऐकू येऊ लागतात आणि शेवटी इंजिन जाम होते. प्रसंगी कनेक्टिंग रॉड तुटून ब्लॉकलाच भगदाड पडते. टर्बोचार्जरचा शाफ्ट मिनिटाला लाखाहून अधिक फेरे घेऊ शकतो. त्यामुळे त्याला ही झळ फार लवकर बसते.

लाल दिव्याचा अर्थ :

हा दिवा तेलाची पातळी दाखवत नाही. तो दाब दाखवतो. चालत्या इंजिनात दाब सामान्यतः २ ते ५ बार असतो, तर दिव्याचा स्विच बहुधा ०.३ ते ०.५ बारच्या आसपास दाब उतरल्यावर कार्य करतो. म्हणजे दिवा लागतो तेव्हा संकट येऊन ठेपलेले असते. मनसर ते रामटेक हे सुमारे सहा किलोमीटरचे अंतर ताशी ६० किलोमीटर वेगाने कापण्यास सहा मिनिटे लागतात. मिनिटाला २,००० फेरे धरले, तरी तेवढ्या वेळात क्रँकशाफ्ट १२,००० वेळा कोरडा फिरेल.

तुटवड्याची कारणे :

पहिले कारण म्हणजे पातळी घटणे. जुने इंजिन तेल जाळते, सील गळतात, तर कधी उंच गतिरोधकावर किंवा दगडावर आदळून ‘चेंबर’ फुटते. पातळी कमी असताना गडाच्या चढणीवर व वळणांवर तेल एका बाजूला सरकते आणि पंपाच्या नळीत हवा शिरते. सपाट रस्त्यावर लपलेला दोष अशा वेळी उघडा पडतो. दुसरे कारण म्हणजे तेल असूनही ते न पोहोचणे. तेल वेळेवर न बदलल्यास त्याचा चिकट गाळ चेंबरमधील जाळी बुजवतो. काही आधुनिक इंजिनांत तेलात चालणाऱ्या पट्ट्याचे झिजलेले कणही तेथेच अडकतात. याखेरीज पंपाची झीज, निकृष्ट फिल्टर आणि चुकीच्या श्रेणीचे तेल ही कारणे आहेत. विदर्भाच्या उन्हाळ्यात अती पातळ तेलाचा दाब सहज उतरतो.

तातडीची कृती :

दिवा लागताच ॲक्सिलरेटर सोडावा, गाडी न्यूट्रलमध्ये घ्यावी, मागील वाहनांना इशारा देत डाव्या कडेला थांबावे आणि लगेच इंजिन बंद करावे. इंजिन चालतानाच जाम झाले, तर ब्रेकला मिळणारे साहाय्य एक-दोन दाबांपुरतेच उरते व स्टिअरिंग जड होते. म्हणून ब्रेक वारंवार न दाबता एकदाच ठाम दाबावा. किल्ली स्टिअरिंग लॉक होईल इतकी फिरवू नये. देवलापारच्या पुढील पेंच जंगलाच्या पट्ट्यात थांबणे भीतिदायक वाटले, तरी काचा लावून गाडीतच थांबावे व राष्ट्रीय महामार्गाच्या १०३३ या मदत क्रमांकावर संपर्क साधावा.

सुरक्षित जागी दहा मिनिटांनी डिपस्टिक पाहावी. पातळी कमी असून मोठी गळती नसेल, तर योग्य श्रेणीचे तेल भरावे. सुरू केल्यावर काही सेकंदांत दिवा विझला आणि ठोके नसतील, तरच पुढे जावे. पातळी पुरेशी असूनही दिवा लागला असल्यास इंजिन सुरूच करू नये. गाडी टोचन करून न्यावी. जाम झालेल्या इंजिनाला धक्का मारून सुरू करण्याचा प्रयत्न कदापि करू नये.

दुरुस्ती व विमा :

मेकॅनिककडून प्रथम गेज लावून प्रत्यक्ष दाब मोजून घ्यावा, कारण कधी स्विचच बिघडलेला असतो. दाब खरोखर कमी असल्यास चेंबर उतरवून जाळी, पंप व बेअरिंग तपासावे. क्रँक ग्राइंडिंग करून नवे बेअरिंग बसवताना तेलवाहिन्या व ऑइल कूलर स्वच्छ न केल्यास उरलेला धातूचा चुरा नव्या बेअरिंगचाही घास घेतो.

भारतातील प्रमाणित वाहन विमापत्रात यांत्रिक बिघाड व झीज यांची भरपाई वगळलेली असते. बिघाडानंतर दुरुस्तीविना गाडी चालवल्यास वाढलेल्या नुकसानीची जबाबदारी विमाधारकावरच येते. ‘आणखी सहा किलोमीटर’ हा निर्णय अशा रीतीने आर्थिकदृष्ट्याही घातक ठरतो. इंजिन संरक्षणाचे पूरक कवच घेतले असल्यास त्यातील अटी आधीच वाचून ठेवाव्यात.

समारोप :

लाल दिवा हा पूर्वसूचना देणारा दूत नसून घडत असलेल्या अपघाताची वर्दी आहे. खरी पूर्वसूचना डिपस्टिक देते. पंधरवड्यातून एकदा, तसेच लांबच्या प्रवासापूर्वी, सपाट जागी थंड इंजिनात पातळी पाहणे, गाडी उभी असलेल्या जागी तेलाचे डाग शोधणे आणि निर्मात्याने सांगितलेल्या मुदतीत तेल व फिल्टर बदलणे, एवढी शिस्त पुरेशी आहे. त्यासाठी दोन मिनिटे व एक जुने फडके लागते. तिचा अभाव मात्र संपूर्ण इंजिनाच्या किमतीला पडू शकतो.