युद्ध नसतं तेव्हा गावात काय चालतं?

तलवार नाही, ड्रॅगन नाही, हेल्थ बार नाही. आजचं मिशन काय, तर शेजाऱ्याला काय खावंसं वाटतंय ते बघायचं, नदीवर मासे पकडायचे, परसातली भाजी खुडायची आणि त्याला जेवायला बोलवायचं. २९ जुलै २०२५ ला आलेला ‘टेल्स ऑफ द शायर’ हा गेम इतका निवांत आहे. अशा गेम्सना सगळे ‘कोझी गेम’ म्हणतात. ‘स्टारड्यू व्हॅली’ किंवा ‘अ‍ॅनिमल क्रॉसिंग’ खेळलेल्यांना हा प्रकार नवा नाही.

गंमत आहे ती यातल्या गावात. गावाचं नाव बायवॉटर. ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ नीट वाचलं असेल तर नाव ओळखीचं वाटेल. कादंबरीतली शेवटची लढाई इथेच होते. जग वाचवून घरी परतलेल्या चौघांना आपलंच गाव गुंडांनी बळकावलेलं दिसतं आणि ते सोडवताना १९ हॉबिट मरतात. पीटर जॅक्सनच्या सिनेमांत हा भाग नाहीच. गेम आपल्याला त्या गावात नेतो, पण युद्धाच्या आधीच्या काळात. आणि तो बनवलाय कुणी? न्यूझीलंडच्या वेटा वर्कशॉपने. जॅक्सनच्या सिनेमांसाठी तलवारी, चिलखतं घडवली ती हीच मंडळी. आता त्यांनी आपल्या हातात पळी दिली आहे!

समीक्षकांनी गेमच्या तांत्रिक कच्च्या बाजूंवर बरीच टीका केली. तरी आयडिया भारी आहे. जे वाचवायला एवढं महायुद्ध झालं, ते नेमकं होतं काय? तर ही चूल, हा गळ, ही पंगत.

आता हाच प्रश्न घेऊन जरा आपल्या दाभोळला येऊ. इतिहासाच्या पुस्तकात दाभोळ भेटतं ते जळताना. डिसेंबर १५०८ मध्ये पोर्तुगीज व्हाइसरॉय अल्मेडाने हे श्रीमंत बंदर बेचिराख केलं. नंतर पेपरात भेटतं ते एन्रॉनमुळे. प्रकल्प खाडीपलीकडे, गुहागर तालुक्यात; नाव मात्र दाभोळचं! दोन्ही वेळा हेडलाइन भांडणाचीच. मधल्या पाचशे वर्षांत इथे लोक जेवले, मासे सुकवले, लग्नं केली. ते कुठल्या मॅपवर आहे?

कोझी गेमसाठी लागणारं सगळं इथे तयार आहे. वाशिष्ठीच्या मुखावरचं बंदर. गाड्या पोटात घेऊन धोपाव्याला जाणारी फेरीबोट. आदिलशाही काळातली शाही मशीद. गुहेतलं चंडिकादेवीचं देऊळ, आत समईचा उजेड. ‘स्टारड्यू’मध्ये २८ दिवसांचे चार सीझन असतात. आपले सीझन त्याहून भन्नाट: १ जूनपासून यांत्रिक बोटींना मासेमारीबंदी, मग नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ, मग गणपतीत चाकरमान्यांनी भरलेली घरं, मग शिमग्यात दारोदारी येणारी पालखी. साइड मिशन म्हणून कालवं काढा, तिसऱ्या वेचा, आंब्याच्या पेट्या भरा.

‘हे कोण खेळणार?’ असं वाटत असेल तर ‘वेंबा’ बघा. २०२३ चा हा छोटासा गेम कॅनडात गेलेल्या एका तमिळ कुटुंबाचा आहे. आईच्या फाटक्या पाककृतीच्या वहीतून विसरत चाललेले पदार्थ आपण जुळवायचे. इडलीपासून सुरुवात! या गेमला २०२४ मध्ये बाफ्टाचा पदार्पणाचा पुरस्कार मिळाला. टॉल्किनचं शायर तरी कुठून आलं? बर्मिंगहॅमजवळच्या सेअरहोल या खेड्यातून. लहानपणी तो तिथे जेमतेम चार वर्षं राहिला होता.

आपल्यातले बरेच जण डिग्रीनंतर मुंबई-पुण्याला जाणार. मग गाव उरतं ते मोबाइलमधल्या फोटोंत. कोडिंग येत नसेल तरी चालेल, मॅप कागदावरही निघतो. दाभोळ असो की तुमचं गाव, आजीला खाडीतल्या माशांची नावं विचारा, कुठला कधी मिळतो ते विचारा, कालवणात काय पडतं ते लिहून घ्या. गेम कुणी बनवायला बसेल तेव्हा ही वही लागणारच आहे.